दारूचं धोरण ठरवताना संगतीचा हिशेब

दारूवरचा कर वाढवायचा किंवा दुकानांच्या वेळा कमी करायच्या म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो: दारूमुळे माणसं एकत्र येतात, सरकारने त्यात कशाला पडावं? आरोग्याच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा बहुधा उडवून लावतात. ते मला पटत नाही. चारचौघांत पिण्याचा आनंद खराच असतो. अल्कोहोलमुळे मेंदूत एन्डॉर्फिन, म्हणजे बरं वाटायला लावणारी रसायनं, स्रवतात. (एकत्र हसल्या-गायल्यानेही स्रवतात, हे मात्र या वादात फारसं कुणी काढत नाही.)

पण या पिण्यात दारूचा वाटा किती आणि मनाचा किती? १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी एक नामी प्रयोग केला. चव सांगायची आहे, असं म्हणून लोकांपुढे पेले ठेवले. काहींत व्होडका घातलेलं टॉनिक (कडवट चवीचं सोड्यासारखं पेय) होतं, काहींत नुसतंच टॉनिक. मात्र पेल्यात काय आहे हे प्रत्येकाला खरं सांगितलं नव्हतं. खरं मोजायचं होतं ते कोण किती पितो. व्होडका आहे असं ज्यांना सांगितलं होतं, ते जास्त प्यायले. मग पेल्यात ती असो वा नसो. दारूचं व्यसन जडलेल्यांतही हेच दिसलं.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ ओले-यॉर्गेन स्कूग यांनी १९८५ मध्ये याच्या पुढची गोष्ट मांडली. माणूस आपल्या गोतावळ्याकडे बघून पितो. त्यामुळे समाजाचं पिणं वाढलं की थोडं पिणारे आणि बेसुमार पिणारे सगळेच वर सरकतात. घटलं की एकत्रच खाली येतात. म्हणजे ज्या संगतीचं कारण देऊन धोरणाला विरोध होतो, तीच संगत धोरणाचा परिणाम घरोघरी पोहोचवते.

स्कॉटलंडने २०१८ मध्ये दारूच्या दर युनिटला, म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला, किमान ५० पेन्स (अर्धा पौंड) किंमत ठरवली. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, हा नियम नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा सुमारे १३ टक्के कमी झाले, असं २०२३ च्या सरकारी मूल्यमापनात आढळलं.

ज्याचं शरीरच दारूवर अवलंबून आहे, त्याचं काम मात्र किमतीने भागत नाही. पिणं एकदम तोडलं तर त्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला वैद्यकीय उपचार लागतात. शिवाय त्याचे सगळे मित्र पिणारेच असतील, तर दारूबरोबर तेही सुटतात. न पिणाऱ्यांची सोबत त्याला मिळवून देण्याचा खर्च दारूच्या करातूनच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.