सेंद्रिय वाइन आणि बायोडायनॅमिक वाइन: एकच का?

‘सेंद्रिय’ आणि ‘बायोडायनॅमिक’ ही एकाच गोष्टीची दोन नावं, दुसरं जरा महागडं, असं वाइन घेणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. नातं आहे खरं, पण पायरीचं. बायोडायनॅमिक प्रमाणपत्रासाठी बाग आधी सेंद्रिय असावी लागते. प्रत्येक सेंद्रिय बाग मात्र बायोडायनॅमिक नसते.

सेंद्रिय म्हणजे मुख्यतः नकारांची यादी. रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, कृत्रिम कीडनाशक नाही. मग द्राक्षावर डावणी हा बुरशीचा रोग आला तर? नाशिकच्या बागायतदाराला विचारा, तो लगेच म्हणेल: बोर्डो. मोरचूद, म्हणजे तांब्याचं क्षार, आणि चुना. हे मिश्रण मूळचं फ्रान्सच्या बोर्डो भागातलंच, १८८५च्या सुमाराचं, आणि सेंद्रिय बागेतही ते चालतं. भुरी या दुसऱ्या बुरशीवर गंधकही चालतं. म्हणजे ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘फवारणीच नाही’ हे खरं नव्हे. तांबं मातीत साठत जातं, म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

गंमत अशी, की २०१२च्या हंगामापर्यंत युरोपात नियम बागेपुरतेच होते. तेव्हा लेबलवर फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ असं लिहिता येई. त्यानंतर वाइन बनते त्या तळघरालाही नियम लागले. कोरड्या रेड वाइनमध्ये सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं गंधकाचं संयुग, जास्तीत जास्त लिटरला १५०ऐवजी १०० मिलिग्रॅम. कमी, पण शून्य नाही.

बायोडायनॅमिकमध्ये या नकारांवर एक आख्खा विधी चढतो. त्याची सुरुवात ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४च्या व्याख्यानांतून झाली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचं, वसंतात काढायचं, त्यातलं हेक्टरी सुमारे १०० ग्रॅम पाण्यात तासभर उलटसुलट घुसळायचं आणि मातीवर शिंपडायचं. जीवामृताची आठवण होईल, पण तिथे दहा किलो शेण, गूळ, बेसन घालून जिवाणू वाढवायचे असतात. इथे मात्रा जवळपास होमिओपॅथीची. शिवाय चंद्र-नक्षत्रांचं वेळापत्रक. पंचांग पाहून नांगर धरणाऱ्या आजोबांना हे नवं वाटलं नसतं.

हे सगळं करणारं एक प्रसिद्ध घर म्हणजे फ्रान्समध्ये लॉयर नदीकाठच्या साव्हेनियेर गावातलं जोली कुटुंब. त्यांची ‘कुले द सेरॉं’ ही बाग जेमतेम सात हेक्टर, द्राक्ष एकच: शनँ ब्लां. सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी ती ११३०मध्ये लावली, १९६२मध्ये ती जोलींकडे आली. मुलगा निकोला अमेरिकेत बँकेची नोकरी सोडून परतला. त्याने १९८०मध्ये बायोडायनॅमिकचा प्रयोग सुरू केला आणि १९८४पर्यंत पूर्ण बाग त्याखाली आणली. आता मुलगी व्हर्जिनी ती सांभाळते. उतारावर घोड्याने नांगरतात, घड पिकतील तसे तोडणीच्या फेऱ्या घालतात, विकतचं यीस्ट टाकत नाहीत, नव्या ओक लाकडाच्या पिंपांची चव जवळजवळ लागू देत नाहीत.

आता यातलं शिंगाचं काय आणि घोड्याचं काय? माझं मत सांगतो. शिंगाच्या वेगळ्या परिणामाला ठोस पुरावा नाही. पण माणूस रोज बागेत फिरतो, पीक आवाक्यात ठेवतो, घाई करत नाही, हे फरक तर घडवणारच. आणि तेवढं एखादा नुसता सेंद्रिय बागायतदारही करू शकतो.

चवीची हमी मात्र दोन्ही शिक्क्यांपैकी एकही देत नाही. जोलींची वाइन सोनेरी, भारदस्त. काहींना ती थोर वाटते, काहींना हवा लागलेली. ते स्वतः सांगतात, बाटली एक दिवस आधी उघडून ठेवा आणि फार गार करू नका.