छायाचित्रावरून सिरफिड माशी ओळखणे

सिरफिड माशी ही द्विपंखी गणातील सिर्फिडी कुळातली, फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबणारी माशी. जगात या कुळाच्या ६,००० हून अधिक जाती नोंदल्या आहेत. सोलापूर परिसरात रब्बीच्या करडईवर मावा पडला की माद्या तिथेच अंडी घालतात आणि अळ्या तो मावा फस्त करतात. फोटोसाठी मात्र बियाण्याला राखलेला कांदा किंवा फुलावर आलेली कोथिंबीर उत्तम. थंडीत सकाळी माश्या सुस्त असतात, तेव्हा जवळ जाता येते.

आधी कुळाची खात्री करावी. मधमाशीला चार पंख, हिला दोनच. मिशा आखूड. पंखाच्या मध्यावर लांबीच्या दिशेने, दोन्ही टोकांना कुठेच न जोडलेली एक खोटी शीर असते. ती आकाशाच्या उजेडासमोर घेतलेल्या फोटोतच नीट दिसते. स्टोमोऱ्हिना ही पट्टेदार डोळ्यांची माशी हमखास फसवते. ती सिरफिड नव्हे.

एकच फोटो पुरत नाही. वरून पाठ व उदर, बाजूने वक्ष व मागचे पाय, समोरून चेहरा, शिवाय पसरलेला पंख, असे चार कोन लागतात. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावे. थेट फ्लॅशने उदर चमकते आणि पट्ट्यांच्या कडा पुसल्या जातात, म्हणून फ्लॅशपुढे पातळ पांढरा कागद धरावा.

एपिसिर्फस बाल्टिएटस ही जाती फोटोवरून सर्वांत सोपी: उदराच्या तिसऱ्या व चौथ्या खंडावर जाड काळ्या पट्ट्यासोबत मिशीसारखा दुसरा बारीक पट्टा असतो. थंडीत वाढलेल्या माश्या जास्त काळपट निघतात, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. इस्किओडॉन स्कुटेलॅरिस ही जाती आणि स्फेरोफोरिया हा वंश यांची गल्लत नेहमीची, कारण दोघींच्या वक्षाच्या कडेला ठळक पिवळी रेघ असते. वक्षामागची छोटी ढाल मध्ये काळपट असेल तर इस्किओडॉन; उदर सडपातळ आणि नराच्या शेपटाकडे गोळ्यासारखा फुगवटा असेल तर स्फेरोफोरिया. एरिस्टॅलिनस वंशातल्या माश्यांचे डोळे ठिपकेदार किंवा पट्टेदार असतात.  पंखातली एक शीर खोल खाली वळलेली दिसली की एरिस्टॅलिनस ज्या गटात मोडते तो गट पक्का होतो.

नर-मादीही पाहावी: बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर भिडतात, मादीचे वेगळे राहतात. पॅरागस या ५–६ मिलिमीटरच्या माश्यांत आणि स्फेरोफोरियात जात ठरवायला नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. तिथे वंशापर्यंतच थांबावे. मोबाइल अ‍ॅप अनेकदा युरोपातली जात सुचवते; ते नाव भारतीय नोंदींशी ताडून न पाहता लिहू नये. फोटोसोबत तारीख, गाव, पीक आणि माशी कशावर बसली होती हे टिपून ठेवावे.