रिकामी वाटी परत जात नाही

गेल्या महिन्यात ऑफिसात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. खुर्च्या गोलात मांडलेल्या, गळ्यात नावाच्या पट्ट्या आणि सुरुवातीलाच फर्मान: "स्वतःबद्दलची अशी एक गोष्ट सांगा, जी इथे कुणालाच माहीत नाही." पहिल्या तिघांनी "मला वाचनाची आवड आहे" छापाची उत्तरं देऊन सुटका करून घेतली. माझी पाळी आली तेव्हा तोंडून निघून गेलं, "मला डावं-उजवं पटकन कळत नाही. रिक्षावाल्याला वळायला सांगण्याआधी मी बोटातली अंगठी चाचपते."

हशा झाला. पण गंमत पुढे आहे. माझ्या शेजारचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ म्हणाले की कुणालाही फोन लावण्याआधी ते पहिली दोन वाक्यं मनात घोकून घेतात. त्यांच्या पलीकडच्या तरुणाने लहानपणी पाळलेल्या बोक्याची गोष्ट सांगितली. बोक्याचं नाव हवालदार! त्यानंतर वाचनाची आवड कुणालाच आठवली नाही.

शेजारणीने वाटीभर आमटी दिली तर वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. मनातल्या गोष्टींचंही तसंच असतं, हे मानसशास्त्रज्ञांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत वेगवेगळ्या तऱ्हांनी तपासून पाहिलं आहे. सिडनी जुरार्ड यांनी १९५८मध्ये त्यासाठी ६० मुद्द्यांची प्रश्नावली बनवली: यातलं तुम्ही आईला काय सांगता, वडिलांना काय, मित्राला काय, जोडीदाराला काय? त्याआधी तीन वर्षं, १९५५मध्ये, जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगम यांनी माणसाच्या ओळखीची चार तावदानांची खिडकी मांडली होती. तिला 'जोहारी खिडकी' म्हणतात. मला बरीच वर्षं वाटायचं की यात कुणा जोहरीचा, म्हणजे रत्नपारख्याचा संबंध असणार. प्रत्यक्षात ती नुसती जो आणि हॅरी यांच्या नावांची जोड आहे. आपल्याला माहीत, पण इतरांना नाही, अशा गोष्टींचं तावदान त्यातलंच एक. आमच्या प्रशिक्षणात सगळ्यांना उघडायला सांगितलं होतं ते हेच.

वाटीच्या रिवाजाची मला सर्वांत आवडणारी परीक्षा विमानतळावर झाली. झिक रुबिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बॉस्टनच्या विमानतळावर विमानाची वाट बघत बसलेल्या प्रवाशांकडे आपले विद्यार्थी पाठवले. त्याचा लेख १९७५मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी म्हणायचा, हस्ताक्षराचा नमुना हवा आहे, चार ओळी लिहून द्याल का? त्याआधी नमुन्यादाखल तो स्वतःबद्दलच्या चार ओळी लिहून दाखवायचा. खरा प्रयोग त्या ओळींत होता. कधी त्या अगदी कोरड्या असत, कधी थोड्या मनातल्या, कधी फारच खासगी. विद्यार्थ्याने जितकं मोकळं लिहिलं, त्या मानाने प्रवासीही मोकळे होत गेले. पण एका मर्यादेपर्यंतच. हा अनोळखी मुलगा फारच खासगी मजकूर खास आपल्यासाठी लिहितोय, असं वाटलं की प्रवासी सावध होत आणि हात आखडता घेत. वाटीच्या बदल्यात कुणी पातेलंभर बासुंदी आणून ठेवली तर आपणही विचारात पडतोच की, हिचं काम काय आहे?

अनोळखी माणसापाशी मन मोकळं करण्याची ही सवय जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८मध्येच टिपली होती. आज आहे, उद्या नाही, अशा परक्या माणसाला लोक जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टीही सांगून टाकतात. एसटीने रात्रीचा प्रवास केलेल्याला हे झिमेलकडून कळायची गरज नाही. सुनेची तक्रार, पोराचं कर्ज, स्वतःचं दुखणं, सगळं शेजारच्या सीटवरून ऐकायला मिळतं आणि थांबा आला की "येते हं" म्हणून ती बाई उतरून जाते. नाव विचारायचं राहूनच जातं.

वाटी ताबडतोब परत जायला हवी का, नंतर दिली तर चालते? सुझन स्प्रेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये हेच पाहिलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांच्या जोड्या करून त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं. काही जोड्यांत दोघं आळीपाळीने सांगत-विचारत होते. बाकीच्यांत आधी एकानेच सगळं सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि नंतर अदलाबदल. शेवटी दोन्हीकडे सांगणं-ऐकणं झालेलंच होतं, तरी आळीपाळीने बोललेल्यांना एकमेकं जास्त आवडली. म्हणजे हिशेब फिटला एवढ्याने भागत नाही, देवघेव हातोहात व्हावी लागते.

आर्थर ॲरन यांचे ३६ प्रश्न तर आता इंटरनेटवर 'प्रेमात पाडणारे प्रश्न' म्हणून फिरतात. हे बिरुद त्यांना जरा जास्तच झालं. १९९७च्या मूळ प्रयोगात अनोळखी जोड्यांना ४५ मिनिटं देऊन हे प्रश्न आलटूनपालटून विचारायला सांगितलं होतं आणि उद्देश होता प्रयोगशाळेत जवळीक निर्माण करता येते का, हे बघण्याचा. प्रश्न तीन टप्प्यांत हळूहळू खोल जातात. सुरुवातीच्या प्रश्नांतला एक म्हणजे, फोन करण्याआधी काय बोलायचं याची तालीम करता का? आमच्या शेजारच्या गृहस्थांनी तो कधी वाचला नसणार, पण उत्तर मात्र बरोबर त्याचंच दिलं! नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा हे प्रश्न विचारलेल्या जोड्यांना जास्त जवळीक वाटली.

मुळात स्वतःबद्दल सांगायला माणसाला आवडतं, आणि किती आवडतं हे पैशांतही मोजून झालं आहे. हार्वर्डच्या डायना तामिर आणि जेसन मिचेल यांनी २०१२मध्ये लोकांपुढे पर्याय ठेवले: स्वतःच्या आवडीनिवडींबद्दल बोला, दुसऱ्याबद्दल बोला किंवा सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर द्या. प्रत्येक पर्यायाला थोडे थोडे पैसे होते आणि ते कमी-जास्त केले जात. मिळू शकणाऱ्या कमाईतला १७ ते २५ टक्के हिस्सा लोकांनी स्वतःबद्दल बोलण्यासाठी सोडून दिला. त्या वेळी मेंदूची प्रतिमा घेतली तर चविष्ट खाण्याने किंवा पैशाने जे भाग जागे होतात, तेच इथेही जागे झालेले दिसले.

मग पहिल्या तिघांनी वाचनाची आवड का पुढे केली? कारण आपलं वैगुण्य आपल्याला भिंगातून दिसतं. मानहाइम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवलं की चूक कबूल करणं, मदत मागणं, प्रेम आधी बोलून दाखवणं या गोष्टी दुसऱ्याने केल्या तर आपल्याला धाडसाच्या वाटतात, आणि स्वतः करायची वेळ आली की लाजिरवाण्या. याला एक बोचरी पुरवणी मात्र आहे. एलियट ॲरन्सन यांच्या १९६६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका प्रश्नमंजूषेच्या स्पर्धकाची ध्वनिफीत ऐकवली. हुशार स्पर्धकाच्या अंगावर कॉफी सांडल्याचं ऐकून तो लोकांना जास्त आवडू लागला. बेताच्या स्पर्धकाने तीच कॉफी सांडली तर तो होता त्याहूनही कमी आवडला. साहेबांनी "मला गणित जमायचं नाही" म्हटलं तर कौतुक होतं, नव्या कारकुनाने म्हटलं तर शेरा पडतो. प्रशिक्षणवाल्यांनी खुर्च्या गोलात मांडल्या तरी सगळ्या एका उंचीच्या होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात येतं की नाही कोण जाणे.

आणि कमी लोकांना माहीत असलेल्या गोष्टीचा आणखी एक उपयोग असतो: कुलूप म्हणून. पासवर्ड विसरलात तर आईचं माहेरचं आडनाव, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, आवडता पदार्थ असं विचारतात ना, ते याच भरवशावर. भरवसा किती कच्चा आहे, ते गूगलच्या संशोधकांनी २०१५मध्ये सांगितलं. इंग्रजी बोलणाऱ्या वापरकर्त्यांच्या आवडत्या पदार्थाचं उत्तर पहिल्याच अंदाजात बरोबर येण्याची शक्यता १९.७ टक्के होती. आपल्याकडे तर आईच्या माहेरच्या आडनावाचं कुलूप लग्नाळू मुलामुलींच्या बायोडेटात उघडंच टांगलेलं असतं: मामाचं आडनाव आणि गाव. त्याच पानावर जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ, आणि ते पान व्हॉट्सॲपवरून कुठवर पोहोचतं याचा पत्ता खुद्द वधूवरांनाही नसतो.

चहाच्या सुट्टीत तो बोकेवाला तरुण कोपऱ्यात उभा राहून फोनवर काहीतरी टिपत होता. मी सहज विचारलं, काय एवढं अर्जंट?

"काही नाही ताई," तो म्हणाला, "बँकेच्या खात्यातून हवालदाराची बदली करतोय."