पार्श्वभूमी : टेलिटेक्स्ट, एका रेषेत एक ओळ

अनालॉग टीव्हीच्या ६२५ रेषांपैकी साधारण ५० रेषांवर चित्र नसायचं. चित्र रेखणारा इलेक्ट्रॉनचा झोत तळाशी पोहोचून पुन्हा वर जाईपर्यंत त्या रिकाम्याच निघून जायच्या. तिथे मजकूर भरायचा, ही टेलिटेक्स्टमागची, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर वाचायच्या मजकुराच्या पानांमागची कल्पना. ब्रिटनमध्ये १९७४ च्या सप्टेंबरात बीबीसीची ‘सीफॅक्स’ ही सेवा सुरू झाली, पाठोपाठ आयटीव्हीची ‘ओरॅकल’ आली आणि १९७६ पर्यंत दोघींचा नमुना, म्हणजे मजकूर पाठवण्याची ठरलेली पद्धत, एक झाला.

ब्रिटन आणि फ्रान्समधला खरा मतभेद या नमुन्यावरच होता. ब्रिटिश पद्धतीत एका रेषेत ४५ बाइट. पहिले तीन टीव्ही संचाला ताल पकडता यावा म्हणून, पुढचे दोन ओळीच्या पत्त्याचे, उरलेले ४० म्हणजे पडद्यावरची ४० अक्षरं. एका रेषेत एक पूर्ण ओळ, कमी नाही, जास्त नाही. फ्रान्सच्या ‘अँटिओप’ या टेलिटेक्स्ट पद्धतीला हे बंधन नको होतं. तिथे मजकूर सुट्या पाकिटांतून जायचा आणि रेषेचा पडद्यावरच्या ओळीशी संबंध नसायचा. कागदावर तीच पद्धत लवचीक. पण प्रसारण कमजोर असलं की ब्रिटिश पद्धतीचं मोल कळायचं. बिघडलेलं अक्षर संच घेतच नसे आणि बाकीची अक्षरं आपापल्या जागी राहत. पानात मध्येमध्ये भोकं दिसायची. तेच पान फिरून आलं की ती एकेक करून भरायची. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो.

त्याची किंमतही होती. रंग बदलण्याची खूण त्याच ४० घरांतलं एक घर खायची, म्हणून लाल शब्दानंतर पिवळा शब्द आला की मध्ये एक घर कोरं राहायचं. ५२५ रेषांच्या देशांत प्रसारणाचा पट्टा अरुंद, त्यामुळे एका रेषेत ३२ अक्षरंच मावत. उत्तर अमेरिकेत हा नमुना रुजला नाही, त्यात या अडचणीचा वाटा होता.

पानं मागणीनुसार येत नसत, रहाटासारखी फिरत राहत. सुरुवातीला सेकंदाला जेमतेम चार पानं सुटायची. शंभर पानांचा फेरा व्हायला पंचवीसेक सेकंद लागत, म्हणून अनुक्रमणिका फेऱ्यात पुन्हापुन्हा घालायचे. संचात एकाच पानापुरती, साधारण एक किलोबाइट जागा होती. त्या काळी मेमरी महाग होती. ती स्वस्त झाल्यावर संच पुढची पानं आधीच साठवू लागले आणि त्या पानांवर थेट जाण्यासाठी रिमोटवर चार रंगीत बटणं आली. ८८८ क्रमांकाच्या पानावरच्या उपशीर्षकांमुळे ऐकू न येणाऱ्यांना कार्यक्रम समजू लागले. या सेवेचं सर्वांत मोठं काम हेच, असं माझं ठाम मत आहे.

डिजिटल प्रसारणात रिकाम्या रेषाच उरल्या नाहीत. २३ ऑक्टोबर २०१२ ला ‘सीफॅक्स’ बंद झाली. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये मात्र टेलिटेक्स्ट चालू राहिलं. डिजिटल प्रवाहात त्याच्यासाठी वेगळा मार्ग ठेवला गेला आणि त्यातून जाणारं प्रत्येक पाकीट जुन्या मापाचंच राहिलं : एक ओळ, ४० अक्षरं.