लाइन (शब्द)

'लाइन' हा इंग्रजीतून मराठीत आलेला आणि खेड्यापाड्यांत रुळलेला शब्द. मूळ लॅटिन 'लिनेआ', म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा. इंग्रजीत हा शब्द रेघ, रांग, दोरी, तार, सीमा, लोहमार्ग, वंश, व्यवसाय, कवितेची ओळ आणि नटाचे वाक्य अशा कितीतरी अर्थांनी चालतो. शब्दकोशात त्याने पानेच्या पाने व्यापली आहेत. अर्थ एवढे पांगलेले असले तरी बहुतेकांच्या तळाशी एकच वस्तू सापडते: दोन टोकांना धरून ताणलेला धागा. ती एकदा लक्षात आली की या शब्दाचा पसारा पाठ करावा लागत नाही, तो उलगडत जातो.

जवसाला लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणत, ग्रीकमध्ये 'लिनोन'. वनस्पतिशास्त्रातले त्याचे नाव 'लिनुम उसिटाटिसिमुम', आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अत्यंत उपयोगी'. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत जवस ओळखीचे आहे ते चटणीमुळे आणि तेलामुळे. काही भागांत त्यालाच अळशी म्हणतात. आपल्याकडे हे पीक मुख्यतः बियांसाठी घेतात. युरोपात आणि प्राचीन इजिप्तमध्ये मात्र त्याच्या काडीला मोल होते. उंच वाढलेली झाडे उपटायची, पाण्यात किंवा दवात पडू देऊन वाख काडीला धरून ठेवणारा चिकट भाग सडू द्यायचा, मग कुटून आणि विंचरून लांब, चिवट, चकचकीत वाख वेगळे काढायचे. त्याचे सूत म्हणजे लिनन. इजिप्तमध्ये मृतदेहांना गुंडाळत ते याच कापडात. संस्कृतात जवसाला अतसी, उमा आणि क्षुमा अशी नावे आहेत. क्षुमेपासून विणलेले ते 'क्षौम'. म्हणजे जवसाचे वस्त्र आपल्याकडेही होतेच, पण पुढे त्याची जागा कापसाने घेतली आणि जवस स्वयंपाकघरात राहिले.

जवसाचा दोरा ताणला की ढिला पडत नाही. म्हणून रोमन गवंडी आणि सुतार मापाला तोच वापरत. 'लिनेआ' म्हणजे आधी हा दोरा, मग दोऱ्याने आखलेली रेघ, आणि मग कोणतीही रेघ. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी पोहोचला. जुन्या इंग्रजीत तो 'लीने' या रूपात आधीच होता आणि त्याचा अर्थ दोर किंवा रांग असा होता. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर त्यांच्या फ्रेंचमधून 'लिन्य' आला, तो रेघ आणि वंश हे अर्थ घेऊन. एकाच आजीची ही दोन नातवंडे इंग्रजीत भेटली आणि एकजीव झाली. आज मासे पकडायचा दोर, कपडे वाळत घालायची दोरी आणि भूमितीतली रेषा या तिघांना इंग्रज एकाच नावाने हाक मारतो, ते त्यामुळे.

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण हाच प्रवास आपल्या भाषेत 'सूत' या शब्दाने केला आहे आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सुतार गेरूत किंवा काजळीत भिजवलेले सूत फळीवर ताणतो, मध्ये उचलून सोडतो आणि लाकडावर सरळ रेघ उमटते. सुतार हा शब्दच 'सूत्रधारा'पासून, सूत धरणाऱ्यापासून, आला. घरे ओळीत असली की ती 'एका सुतात' असतात. उनाड मुलगा 'सुतासारखा सरळ' होतो. तोच मुलगा इंग्रजी वळणाने 'लाइनीवर' येतो. सूत ज्यापासून आले त्या संस्कृत 'सूत्र' शब्दाचा अर्थही आधी दोरा, आणि मग त्याला नियमाचा अर्थ आला. मापातही दोघे समांतर आहेत. एका इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत; लोखंडाच्या दुकानात सळईची जाडी आजही सुतांत सांगतात. युरोपात इंचाचा बारावा भाग म्हणजे एक लाइन, आणि घड्याळे बनवणारे कारागीर फ्रेंच मापातली ही लाइन, सुमारे 2.26 मिलिमीटर, अजून वापरतात. त्याही मागे गेलो तर यज्ञवेदी आखण्याचे शास्त्र सांगणारी शुल्बसूत्रे आहेत. 'शुल्ब' म्हणजे दोरी. त्यांत आयताच्या कर्णाला 'अक्ष्णयारज्जू' असे नाव आहे, तिरका ताणलेला दोर. रेघ ही कल्पना मनात येण्याआधी माणसाच्या हातात दोरी होती, आणि लांबलांबच्या भाषांनी त्याची आठवण जपली आहे.

या शब्दाचे घराणे मोठे आहे. थेट जवसाकडून आलेल्यांपैकी 'लिनन' मुळात विशेषण, 'जवसाचे' या अर्थाचे. आता रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात मिळणाऱ्या सुती चादरींनाही लिननच म्हणतात. शिंप्याचे 'लायनिंग', म्हणजे अस्तर, हेही त्याच कुळातले. कपड्याला आतून लिनन लावत, म्हणून आतून कापड लावण्याच्या क्रियेलाच ते नाव पडले. पुढे कापड गळून गेले आणि 'आतला थर' एवढा अर्थ उरला, म्हणून इंजिनाच्या सिलिंडरच्या आतली नळीही 'लायनर' झाली. फ्रेंचमधून आलेल्या 'लाँजरी'चे मूळ लिननचे कपडे हेच. 'लिन्सीड' म्हणजे जवसाचे बी. नव्या बॅटला जे तेल पाजतात ते याच बियांचे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टन याने 1863 मध्ये ज्याचे पेटंट घेतले ते 'लिनोलियम' हे जमिनीवर अंथरायचे आच्छादन जवसाच्या तेलापासून बनते. 'ओलियम' म्हणजे तेल. कला महाविद्यालयातले विद्यार्थी जो 'लिनोकट' कोरतात तो त्याच्याच तुकड्यावर. जवसाचे दाणे टिपणारा 'लिनेट' नावाचा छोटा पक्षीसुद्धा या कुळात बसतो. रेघेच्या बाजूने आलेली मंडळी वेगळी: एका रेषेत आणणे म्हणजे 'अलाइन', रेखाटणे म्हणजे 'डिलिनिएट', एकरेषीय म्हणजे 'लिनिअर', आणि वंश म्हणजे 'लिनिएज'. शेवटच्या शब्दाचे मराठी जुळे सुरेख आहे. 'वंशावळ' या शब्दात 'आवली', म्हणजे रांग, बसली आहे. दीपावलीत दिव्यांची आहे तीच.

रांग या अर्थाने 'लाइन' लष्करात फार वापरात आली. समुद्रावरच्या लढाईत तोफा घेतलेली मोठी जहाजे एकामागे एक रांग धरून लढत. त्या रांगेत उभे राहण्याच्या ताकदीच्या जहाजाला रांगेचे जहाज म्हणत. पुढे ठरलेल्या मार्गावर नेमाने फेऱ्या करणाऱ्या कंपन्यांना 'लाइन' हे नाव मिळाले, त्यांच्या बोटी 'लायनर' झाल्या, आणि विमाने आली तेव्हा 'एअरलाइन' हे नाव तयारच होते. जमिनीवर छावणीतली शिपायांची घरे रांगेत बांधत. त्या वस्त्यांना भारतात 'लाइन्स' म्हणू लागले. मुंबईतले मरीन लाइन्स हे नाव तिथे असलेल्या मरीन बटालियन लाइन्स या लष्करी वस्तीवरून पडले. नागपूरचे विधानभवन ज्या भागात आहे ते सिव्हिल लाइन्स म्हणजे मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा भाग. जिल्ह्याच्या गावी 'पोलीस लाइन' असतेच, आणि तिथे वाढलेली मुले 'आम्ही लाइनीतले' असे आपुलकीने सांगतात. रेघेशी या अर्थाचे नाते आता कोणाला जाणवत नाही. लाइन म्हणजे तिथे घर.

माणसांच्या रांगेबाबत एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये रांगेला 'क्यू' म्हणतात. तो फ्रेंच शब्द आहे, अर्थ शेपूट. 'लाइन' ही अमेरिकी बोली. आपण इंग्रजी शिकलो ब्रिटिशांकडून, तरी रेशनच्या दुकानापुढे मराठी माणूस लाइनच लावतो.

सीमा हा अर्थ सर्वांत जड. अफगाणिस्तानची ड्युरँड रेषा 1893 ची, तिबेटच्या बाजूची मॅकमहोन रेषा 1914 ची, आणि पंजाब व बंगाल चिरणारी रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली 17 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. झेंडे फडकवून झाल्यावर आपण कोणत्या देशात आहोत हे लाखोंना कळले. काश्मीरमधल्या युद्धविराम रेषेत थोडा बदल होऊन 1972 च्या सिमला करारानंतर ती 'नियंत्रण रेषा' झाली. नकाशावर ओढलेली रेघ दोऱ्याइतकी बारीक असते, जमिनीवर तिची रुंदी माणसे मोजतात.

'डेडलाइन' हा शब्द कार्यालयात दिवसातून दहादा उच्चारला जातो, पण त्यातला मृत्यू खरा होता. अमेरिकी यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनविल इथे दक्षिणेकडच्या राज्यांनी युद्धकैद्यांचा तळ उभारला. उंच कुंपणाच्या आत काही अंतरावर खांबांवर आडव्या पट्ट्या ठोकून एक हद्द केली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत, म्हणून तिला हे नाव. त्या तळावर सुमारे 45 हजार कैदी ठेवले गेले आणि त्यांतले जवळपास 13 हजार भूक, घाण आणि रोगराईने मेले. तळाचा प्रमुख हेन्री वर्झ याला 1865 मध्ये फाशी झाली. विसाव्या शतकात हा शब्द अमेरिकी वृत्तपत्रांत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी वापरला जाऊ लागला. 'अंतिम मुदत' हा मराठी प्रतिशब्द चांगला आहे आणि तो सर्रास वापरायला हवा.

जीव वाचवणारी रेघही आहे. जहाजे वाजवीपेक्षा जास्त माल भरून बुडत आणि खलाशी मरत. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी त्याविरुद्ध संसदेत झुंज दिली आणि 1876 च्या कायद्याने मालवाहू जहाजाच्या अंगावर भारमर्यादेची खूण सक्तीची झाली. तिला प्लिमसोल लाइन म्हणतात. गरिबीची रेघ मात्र आपल्या जवळची. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 उष्मांक मिळतील इतक्या खर्चाचा आधार घेऊन दारिद्र्याचे मोजमाप मांडले. ती कल्पना 'दारिद्र्यरेषा' या शब्दाने घरोघर पोहोचली, पिवळ्या रेशनकार्डाच्या रूपाने.

रूळ आणि तारा आल्यावर शब्दाला पुन्हा मूळची लांबी मिळाली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. आज मुंबईत सेंट्रल, वेस्टर्न आणि हार्बर या नुसत्या गाड्यांच्या वाटा राहिलेल्या नाहीत. 'कोणत्या लाइनला राहता?' या प्रश्नाच्या उत्तरावर भाडे, नोकरी आणि सोयरीकही ठरते. तारायंत्र, दूरध्वनी आणि वीज यांच्या तारांनाही हेच नाव पडले. ग्रामीण भागात तर 'लाइन' म्हणजेच वीज. 'लाइन गेली', 'रात्रीची लाइन आहे, पाणी द्यायला जायचंय' ही वाक्ये इंग्रजीतून आलेली नाहीत. शेतकऱ्याने ती स्वतः घडवली आहेत. खांबावर चढणारा तो लाइनमन. आणि ज्याला जोडणी आहे तो 'ऑनलाइन', मग ती जोडणी बिनतारी का असेना.

कारखान्यातली लाइन 1913 मध्ये फोर्ड कंपनीच्या हायलँड पार्क इथल्या कारखान्यात मोटारीसाठी सुरू झाली. कामगार जागेवर आणि गाडी सरकती. क्रिकेटमध्ये चेंडूची 'लाइन आणि लेंग्थ' असते. तिला 'दिशा आणि टप्पा' हे समालोचकांचे शब्द नेमके बसतात. 1932-33 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात डग्लस जार्डिनच्या इंग्लंड संघाने फलंदाजाच्या अंगावर रोख धरलेली गोलंदाजी 'बॉडीलाइन' म्हणून कुप्रसिद्ध झाली.

मराठीत 'लाइन' स्त्रीलिंगी आहे, अनेकवचन 'लाइनी', आणि सोबतची क्रियापदे अस्सल मराठी: लाइन लावणे, तोडणे, मोडणे, धरणे. 'तुमची लाइन कोणती?' म्हणजे व्यवसाय कोणता. 'लाइन मारणे' ही तरुणांची बोली. भाषांतरकाराला मात्र हा शब्द घाम फोडतो, कारण मराठीने हे अर्थ वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवले आहेत. कागदावर रेघ, भूमितीत रेषा, वहीत आणि कवितेत ओळ, देवळापुढे रांग, जेवायला पंगत, सुरांची लकेर, भिंतीला ओळंबा. नटाच्या 'लाइन्स'ना आपण संवाद किंवा वाक्ये म्हणतो, आणि 'रेषा विसरलो' असे भाषांतर केले तर रंगमंचावर हसू होईल. इथे इंग्रजीची काटकसर आणि मराठीची श्रीमंती दोन्ही दिसतात. दारिद्र्याची 'ओळ' होत नाही आणि अभंगाची 'रेषा' होत नाही, हे मराठी कान न शिकवता ओळखतो.

घर बांधायला काढले की पहिल्या दिवशी 'लाइनआउट' होतो. चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकतात, त्यांच्यामध्ये दोरा ताणतात आणि त्याच्याखाली पांढरी फक्की टाकत पायाच्या खुणा करतात. गवंड्याच्या पिशवीत थापी आणि ओळंब्याशेजारी त्या दोऱ्याची गुंडाळी असते. तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो.