सात मिनिटांचा प्रश्न

फेब्रुवारी २०२५. एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळू शकतो, अशी बातमी. धोक्याच्या पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया, त्यामुळे मुंबईचंही नाव निघालं. जानेवारीअखेर शक्यता एक टक्क्याच्या वर होती. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्के झाली. आकडा चढतोय म्हणजे संकट जवळ येतंय, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो दगड तेव्हा आपल्यापासून लांब चालला होता.

‘२०२४ वायआर४’ हे त्याचं नाव, आकार साधारण ६० मीटर. चिलीतल्या ‘ॲटलास’ दुर्बिणीला तो २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला, तेव्हा तो पृथ्वीजवळून निघून गेल्याला दोन दिवस झाले होते. शिवाय तो जवळजवळ सरळ रेषेत दूर जात होता. फलाट सोडलेल्या गाडीचा मागचा लाल दिवा पाहून रूळ पुढे किती वळतो ते सांगा म्हटलं, तर जी पंचाईत होईल, तीच इथे झाली.

दुर्बिणीतून फक्त दिशा कळते, तीही आसपासच्या ताऱ्यांशी ताडून. त्यात एका विकलेहूनही लहान का होईना, चूक राहतेच. (विकला हे कोनाचं बारीक माप, अंशाचा ३६०० वा भाग; म्हणजे चार-साडेचार किलोमीटरवरून दिसणारं रुपयाचं नाणं.) तेवढ्या चुकीमुळे सूर्याभोवतीच्या एका फेरीला लागणारा वेळही किंचित चुकतो आणि ती चूक दर फेरीला साचत जाते. म्हणून आठ वर्षांनंतर लघुग्रह ‘कुठे असू शकेल’ ती जागा गोल ठिपक्यासारखी नसते. कक्षेच्या दिशेने ती शेवईसारखी लांबते. इकडे पृथ्वी स्वतःच्या व्यासाएवढं अंतर सात मिनिटांत कापते. दोघांच्या वाटा मिळतात त्या तिठ्यावर पृथ्वी आणि लघुग्रह एकाच वेळी पोचणार का, एवढंच शोधायचं असतं.

त्यासाठी संगणकात हजारो आभासी लघुग्रह सोडतात. प्रत्येकाची कक्षा थोडी वेगळी, पण झालेल्या निरीक्षणांत बसणारी. त्यांतले किती आदळतात ते मोजायचं. नासा आणि युरोपीय अवकाश संस्था हे गणित स्वतंत्रपणे करतात.

आता ढोबळ हिशेब. शेवई १० लाख किलोमीटर लांब आणि तिच्यावर सुमारे १३ हजार किलोमीटर व्यासाची पृथ्वी: शक्यता १.३ टक्के. नव्या निरीक्षणांनी शेवई ४ लाखांवर आली आणि पृथ्वी अजून तिच्यावरच आहे: ३ टक्क्यांहून जास्त. दगडाने काहीच केलं नाही, आपलं अज्ञान तेवढं आखडलं. मग एके दिवशी शेवईचं टोक पृथ्वीवरून सरकतं आणि आकडा कोसळतो. २४ फेब्रुवारीला तो ०.००४ टक्के होता. बातम्यांत चढता आकडा ठळक छापला गेला, त्यामागचं हे साधं कारण मात्र क्वचितच.

ॲपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाचंही असंच झालं होतं. डिसेंबर २००४ मध्ये त्याची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली. मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या छायाचित्रांत तो अंधूक सापडला. निरीक्षणांचा काळ एकदम लांबला आणि २०२९ ची टक्कर निकालात निघाली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आपल्या टीव्हीच्या उपग्रहांहूनही जवळून.