आलेंतेजूतील महापाषाण आणि नदीकाठच्या पायवाटा

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेंतेजू या ग्रामीण प्रदेशात ओढ्या-नद्यांच्या कडेने, बुचाच्या झाडांच्या विरळ रानातून, नवाश्मयुगीन शिलास्मारकांपर्यंत जाणाऱ्या पायवाटा आहेत. प्रदेशाचे नावच नदीवरून पडले आहे. ‘आलें’ म्हणजे पलीकडे, आणि ‘तेजू’ ही लिस्बनपाशी समुद्राला मिळणारी नदी. म्हणजे तेजूपलीकडचा मुलूख. एव्होरा हे त्याचे मध्यवर्ती शहर. या शहराभोवतीचा टापू, उत्तरेकडील मोरा व पाव्हिया ही गावे आणि पूर्वेकडे स्पेनच्या सीमेजवळील मोंसाराझ ही या पायवाटांची मुख्य क्षेत्रे आहेत. युरोपातील सर्वांत जुन्या शिलास्मारकांपैकी काही येथे उघड्या माळावर उभी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना कुंपणही नाही.

संज्ञा : स्थानिक लोक या स्मारकांसाठी तीन शब्द वापरतात. एकटा उभा दगड तो ‘मेनीर’. अनेक मेनीर वर्तुळात किंवा लंबवर्तुळात मांडलेले असले तर ‘क्रोमलेक’. उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेली दफनाची खोली म्हणजे ‘आंता’. मूळची आंता मातीच्या उंचवट्याखाली झाकलेली असे. काळाच्या ओघात माती वाहून गेली आणि आतला दगडी सांगाडा उघडा पडला. आज आपल्याला जी ‘दगडी झोपडी’ दिसते ती बांधणाऱ्यांनी दिसावी म्हणून बांधलीच नव्हती. मराठी वाचकाला शिलावर्तुळे म्हटले की विदर्भ आठवतो. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे मात्र लोहयुगातील दफनाच्या जागा आहेत. आलेंतेजूतील सर्वांत जुने मेनीर त्यांच्याहून सुमारे चार हजार वर्षे आधीचे असून तेथील क्रोमलेक दफनासाठी नव्हते. ‘शिलावर्तुळ’ हा शब्द दोन्हींना लागू पडतो; पण साम्य बरेचसे शब्दापुरतेच आहे.

पाणी आणि दगड : हा टापू नकाशावर कोरडा दिसतो, आणि उन्हाळ्यात तो असतोही. येथल्या लहान नदीला ‘रिबैरा’ म्हणतात. हिवाळी पावसात ती दुथडी भरते. जुलै-ऑगस्टमध्ये तिचा प्रवाह तुटतो आणि पात्रात जागोजाग डोह उरतात. हे डोह म्हणजे ‘पेगू’. मासे, कासवे आणि गुरे उन्हाळाभर या डोहांच्या आधाराने राहतात. एव्होराच्या परिसरात तेजू, सादू आणि ग्वादियाना या तिन्ही नद्यांची खोरी एकमेकांना भिडतात. पश्चिमेच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस थोड्या अंतराच्या फरकाने तीन वेगळ्या वाटांनी समुद्राला जातो. आलेंतेजूतील मेनीरांचा सविस्तर अभ्यास करणारे पुरातत्त्वज्ञ मानुएल कालादू यांनी या भूगोलाला फार महत्त्व दिले आहे. तेजू आणि सादूच्या खाड्यांकाठी शिंपले-मासे यांवर जगणाऱ्या मध्याश्मयुगीन लोकांचे मोठमोठे शिंपल्यांचे ढीग सापडले आहेत. तेजूकाठचे मूज येथील ढीग १८६३ पासून अभ्यासकांना माहीत आहेत. कालादू यांच्या मते या लोकांचा आणि नव्याने आलेल्या शेती-पशुपालनाचा संबंध जिथे आला, तिथेच पहिले मेनीर उभे राहिले. खाडीवरून वर यायचे तर पाण्याच्या कडेने यायचे आणि पाणलोटाच्या माथ्यावर पोहोचायचे. हे मत सर्वमान्य नाही. तरीही ओढ्याच्या काठाने चढत चढत दगडांपर्यंत गेले की ते पटू लागते. मोटारीने थेट वर्तुळापाशी उतरले तर मात्र दगड तेवढे दिसतात, जागा कळत नाही.

दगडाचाही वाटा यात आहे. एव्होराच्या पश्चिमेला ग्रॅनाइट आहे. तो उघड्यावर झिजून अंड्यासारखा गोलसर होतो, आणि येथले मेनीरही तसेच गोलसर आहेत. ग्वादियानाकडे सरकताच पातळ थरांचा शिस्ट दिसू लागतो. आंतांमध्ये मृतांसोबत ठेवलेल्या, भौमितिक नक्षी कोरलेल्या तळहाताएवढ्या पाट्या बहुधा शिस्टच्या किंवा पाटीच्या दगडाच्या असतात.

आल्मेंद्रेश : एव्होराच्या पश्चिमेस ग्वादालूप नावाचे लहान गाव आहे. तेथून मातीची वाट बुचाच्या ओकांमधून चढत आल्मेंद्रेशच्या क्रोमलेककडे जाते. हे रान जंगल नव्हे. याला ‘मोंतादू’ म्हणतात. बुचाचा ओक आणि सदाहरित ओक विरळ राखायचे, खाली गवत वाढू द्यायचे, त्यावर मेंढ्या, गाई आणि काळी डुकरे चारायची, अशी ही शेकडो वर्षांची शेती आहे. ओकाची साल दर नऊ वर्षांनी उन्हाळ्यात कुऱ्हाडीने सोलतात आणि सोलण्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात. ‘४’ असा आकडा दिसला तर झाड २०२४ मध्ये सोललेले समजावे आणि पुढची सोलणी २०३३ मध्ये. नुकतेच सोललेले खोड गेरूसारखे लालभडक दिसते. जगातील बुचाचे निम्मे उत्पादन पोर्तुगालमधून येते, त्यातला मोठा हिस्सा याच रानांचा.

वाटेत थोडे बाजूला वळले की सुमारे चार मीटर उंचीचा आल्मेंद्रेशचा एकटा मेनीर लागतो. तिथून क्रोमलेक सव्वा-दीड किलोमीटरवर आहे. एन्रिक लेओनोर पीना यांनी १९६० च्या दशकात हे वर्तुळ शोधले, तेव्हा बहुतेक शिळा आडव्या पडून झाडीत बुडालेल्या होत्या. आज पूर्वेकडे उतरत्या उतारावर सुमारे ९५ शिळा उभ्या आहेत. त्या एका वेळी लावलेल्या नाहीत. पहिली मांडणी ख्रिस्तपूर्व सहाव्या सहस्रकातील लहान वर्तुळांची. पुढे तिला लागून मोठी लंबवर्तुळे आली, आणि पुढच्या पिढ्या शिळा हलवत, वाढवत राहिल्या. काही शिळांवर मेंढपाळाच्या आकडीसारख्या आकृती, वर्तुळे आणि वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. दुपारच्या उन्हात ते मुळीच दिसत नाहीत. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडला की आकडी एकदम उमटते, म्हणून येथे दिवस उगवताना पोहोचावे. २०१५ मध्ये या स्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पर्यटकांच्या वर्दळीने शिळांच्या बुडाची माती झिजते, ही या स्थळाची आजची मोठी चिंता आहे.

झांबुझैरू : याच परिसरात वाल्व्हेर्द गावाजवळ झांबुझैरूची मोठी आंता आहे. इबेरियन द्वीपकल्पातील सर्वांत उंच आंतांमध्ये तिची गणना होते. ख्रिस्तपूर्व चौथ्या सहस्रकात ती बांधली गेली. खोलीच्या सात उभ्या शिळा सहा मीटरांच्या आसपास उंच आहेत. गावातून ओढा ओलांडून शेतवाटेने गेले की पत्र्याचे छत आणि लाकडी टेकू दिसतात. एवढ्या थोर वास्तूला इतका ओबडधोबड आसरा पाहून वाईट वाटते. छताची आडवी शिळा मूळ जागेवर नाही. येथे सापडलेल्या वस्तू एव्होराच्या संग्रहालयात आहेत, आणि आधी त्या पाहून मग आंतेकडे चालत जाणे अधिक चांगले.

देऊळ झालेल्या आंता : ख्रिस्ती काळात काही आंता पाडण्याऐवजी वापरात घेतल्या गेल्या. पाव्हिया गावाच्या मधोमध, घरांच्या रांगेसमोर एक मोठी आंता उभी आहे. सतराव्या शतकात तिच्या तोंडाशी दार बसवून, आत वेदी मांडून तिचे संत दिनीश यांचे प्रार्थनास्थळ केले गेले. १९१० पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. साऊं ब्रिसुश येथे आंतेच्या शिळा नोसा सेन्योरा दू लिव्ह्रामेंतु या चॅपेलच्या ओसरीत सामावल्या आहेत. पाच-सहा हजार वर्षांचा दगड गावकरी चुन्याने पांढराशुभ्र रंगवतात आणि खाली निळा पट्टा ओढतात, शेजारच्या घरांना ओढतात तसाच.

पाव्हियाच्या उत्तरेस काबेसाऊं आणि मोरा. येथे राया नदीला बारमाही पाणी दिसते. गामैरू उद्यानात नदीकाठाने लाकडी फळ्यांची सुमारे दीड किलोमीटरची वाट बांधली आहे. शेजारीच गोड्या पाण्यातील माशांचे मत्स्यालय आहे. पुढे राया नदी सोर नदीला मिळते आणि दोघींच्या नावांचा संगम होऊन ‘सोराया’ तेजूकडे जाते. मोरा येथे रेल्वे बंद पडल्यावर जुन्या स्थानकात महापाषाणांचे संग्रहालय उभारले गेले. ते २०१६ मध्ये उघडले. एव्होरा-मोरा लोहमार्गाच्या जागी एव्होराकडून चालण्याची आणि सायकलची वाट काढली आहे. चढ-उतार नसल्याने वृद्धांना आणि लहान मुलांनाही ती झेपते.

ग्वादियाना आणि आल्केव्हा : मोंसाराझ हे टेकडीवरचे तटबंदीचे गाव. तटावरून पूर्वेला पाहिले की आज नदी दिसत नाही, सरोवर दिसते. आल्केव्हा धरणाची दारे ८ फेब्रुवारी २००२ रोजी बंद झाली आणि सुमारे २५० चौरस किलोमीटरांचे जलाशय तयार झाले. पश्चिम युरोपातील हे सर्वांत मोठे कृत्रिम सरोवर. लूश हे गाव त्यासाठी उठवावे लागले. घरे, चर्च, दफनभूमी, सगळे नव्या जागी पुन्हा मांडले गेले. धरणग्रस्त गावांची आठवण असलेल्या मराठी वाचकाला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही.

पाणी येण्यापूर्वी खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले. लौझाचा रोमन गढीवजा वाडा वाळूच्या पोत्यांनी झाकून पाण्याखाली सोडण्यात आला. नदीपात्रातील खडकांवरची कोरीवकामे उशिरा लक्षात आली आणि तीही बुडाली. शेरेझचा क्रोमलेक मात्र उचलण्यात आला. सुमारे ५० मेनीर आणि मधोमध चार मीटरांचा एक, अशी ही मांडणी १९६९ मध्ये सापडली आणि १९७२ मध्ये चौकोनी आकारात उभी केली गेली. तो चौकोन मुळात होता का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. २००४ मध्ये ही सारी मांडणी मोंसाराझखालील ओराद मठाजवळ हलवली. गावातून उतरून जाणाऱ्या वाटेने तिथे सहज पोहोचता येते. दगड तेच आहेत, पण नदीकाठचा सपाट माळ गेला. ज्या पाण्याशेजारी ते उभे होते त्याच पाण्याने त्यांना हुसकावले. बुल्योआचा नक्षीदार मेनीर, औतैरूचा साडेपाच मीटरांहून उंच मेनीर आणि ओलिव्हाल दा पेगाच्या आंता याच परिसरात पसरलेल्या आहेत. या तालुक्यातील आंतांची पद्धतशीर नोंद गेओर्ग आणि व्हेरा लाइस्नर या जर्मन दांपत्याने केली. ती १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली.

देशाच्या ईशान्येला कोआ नदीवर याच्या नेमके उलट घडले. १९९४ मध्ये तेथे धरणाचे काम चालू असताना पुराश्मयुगीन कोरीवकामे जाहीर झाली. ‘कोरीव चित्रांना पोहता येत नाही’ ही विद्यार्थ्यांची घोषणा देशभर गाजली. १९९५ मध्ये नव्या सरकारने धरण थांबवले आणि १९९८ मध्ये युनेस्कोने ते खोरे जागतिक वारशात घेतले. आलेंतेजूच्या कोरड्या शेतीला पाण्याची निकड होती हे खरे. तरी दोन नद्यांचे हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

प्रेमिकांचा खडक : साऊं पेद्रू दू कोर्व्हाल हे कुंभारांचे गाव. त्याच्याजवळ रस्त्याकडेला अळंबीच्या आकाराचा एक नैसर्गिक खडक आहे, त्याला ‘रोशा दुश नामुरादुश’ म्हणतात. ईस्टरनंतरच्या सोमवारी अविवाहित मुली पाठमोऱ्या उभ्या राहून डाव्या हाताने खडा खडकाच्या माथ्यावर भिरकावतात. जितके खडे खाली पडतील तितकी वर्षे लग्नाला थांबावे लागेल, असा समज आहे. खडकाच्या माथ्यावर खड्यांचा थर साठलेला दिसतो.

चालण्याविषयी : लहान पल्ल्याच्या नोंदणीकृत वाटा पिवळ्या-लाल पट्ट्यांनी आणि लांब पल्ल्याच्या पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी दाखवलेल्या असतात. दोन समांतर पट्टे म्हणजे वाट बरोबर. पट्ट्यांची फुली म्हणजे चुकलात, मागे फिरा. मार्च ते मे हा उत्तम काळ, माळ पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वणव्याचा धोका असतो. पावसाळी हिवाळ्यात चिकणमातीची वाट बुटाला ओढून धरते. पात्रात टाकलेले पायरीचे दगड तेव्हा पाण्याखाली जातात, म्हणून ओढा भरला असेल तर ओलांडू नये. उंच गवतातून गेल्यावर गोचिडी तपासाव्यात. शिकारीच्या दिवसांत बंदुकीचे आवाज येणाऱ्या रानात शिरू नये.

बहुतेक स्मारके खासगी शेतमळ्यांत आहेत आणि सर्वच मालक त्यांची काळजी घेतात असे नाही. २०२० मध्ये एव्होराच्या परिसरात बदामाच्या लागवडीसाठी जमीन तयार करताना एक आंता नष्ट झाली. सिंचनाचे पाणी पोहोचले तसे पाण्यावरच्या सलग बागा वाढल्या, आणि नांगराखाली येणारा प्रत्येक माळ आता जोखमीचा झाला आहे. म्हणूनच ज्या मालकांनी वाट खुली ठेवली आहे त्यांच्या रानाचा नियम पाळणे महत्त्वाचे. वाटेत लोखंडी वा तारेची फाटके लागतात. फाटक बंद असेल तर पलीकडे जाऊन बंद करावे, उघडे असेल तर उघडेच सोडावे. गुरे कुठल्या कुरणात हवीत आणि कोणत्या डोहावर पाणी पिणार, हे मेंढपाळाने त्या फाटकांवरूनच ठरवलेले असते.